हजेरीपटातली लाल शाई

आमच्या दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन पंचवीस वर्षांनी झालं. गावातलंच मंगल कार्यालय, मसालेभात, जिलबी, माइकची खरखर. खुर्च्या सरसकट मांडलेल्या होत्या, तरी दहा मिनिटांत उजवीकडे सगळ्या मुली आणि डावीकडे आम्ही सगळे मुलगे. तसं बसा म्हणून कुणीही सांगितलं नव्हतं. मग ओळख करून द्यायची वेळ आली. एक जण उठली. ती आता एका बँकेत शाखाधिकारी आहे. पाचवी ते दहावी तिचा नंबर कायम पहिल्या तिघांत. नंतर जेवताना मी तिला म्हटलं, "तुमचं अक्षर फार सुंदर होतं." ती म्हणाली, "अहो, तुम्ही अजून तसेच आहात."

अहो! तुम्ही! सहा वर्षं एका वर्गात बसलेली, एका वयाची दोन माणसं. घरी येताना लक्षात आलं की हा आमचा पहिलाच संवाद होता.

आमची शाळा सहशिक्षणाची होती. कागदोपत्री. हजेरीपटात १ ते ४१ मुलगे, निळ्या शाईत. ४२ पासून पुढे मुली, लाल शाईत. प्रार्थनेला रांगा वेगळ्या, वर्गात बाकांच्या ओळी वेगळ्या, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट. शनिवारी शेवटच्या तासाला सर खुशीत असले की अंताक्षरी, तीही मुलगे विरुद्ध मुली. आणि एखाद्याने फारच दंगा केला, तर त्याला मुलींच्या बाकावर नेऊन बसवायचं. वर्ग हसायचा, त्याचे कान लाल व्हायचे. मीही दोनदा बसलोय. त्या संमेलनात हा विषय निघाला तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "शिक्षा तुम्हाला व्हायची, पण दप्तर आवरून कोपऱ्यात सरकायला आम्हाला लागायचं." ही बाजू पंचवीस वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

सहशिक्षणाने मुलामुलींचा काय फायदा होतो यावर बरंच लिहिलं जातं. 'परस्परांबद्दल आदर वाढतो', 'भीड चेपते', 'पुढच्या आयुष्याची तयारी होते' वगैरे. खोटं नाही, पण मग आमचं काय झालं? आमच्या शाळेतही मुलगे-मुली एकत्रच होते. या विषयावर जगभरात चांगले अभ्यास झालेत आणि ते नीट वाचले की उत्तराचा बराच भाग हाती लागतो.

आधी मार्कांचं बघू

पालकांचा पहिला प्रश्न मार्कांचा असतो, म्हणून तो आधी संपवून टाकू. मुलींच्या शाळेचा निकाल चांगला लागतो, असं आपण ऐकतो आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण त्या शाळेत जातं कोण, हे पाहायला हवं. घरापासून लांब असली तरी हीच शाळा हवी म्हणणारे, रिक्षा लावून देणारे, शिक्षणाबद्दल जागरूक असलेले पालक तिथे जास्त. म्हणजे मुली आधीच गाळून आलेल्या. निकालाचं श्रेय मग कुणाचं? 'फक्त मुलींची शाळा' असण्याचं, की गाळणीचं?

हे वेगळं काढण्यासाठी एरिन पाल्के, जॅनेट हाइड आणि कार्ली ॲलिसन या तिघींनी २१ देशांतले १८४ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात १६ लाख विद्यार्थी होते. २०१४ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की घरची परिस्थिती, आधीची तयारी वगैरे धरून तुलना केली की एकलिंगी शाळांचा फायदा जवळजवळ नाहीसाच होतो. मुलांनाही नाही, मुलींनाही नाही.

मात्र इथे एक अडचणीचा पुरावा आहे आणि तो लपवणं बरं नव्हे. दक्षिण कोरियात, सोलमध्ये, १९७० च्या दशकापासून हायस्कूलला प्रवेश बरीच वर्षं सोडतीसारखा मिळत असे. तुमच्या भागातल्या शाळांपैकी कुठली मिळेल हे नशिबावर. त्यामुळे गाळणीचा प्रश्न उरत नाही. तिथे संशोधकांना मुलींच्या आणि मुलांच्या स्वतंत्र शाळांचेच गुण थोडे सरस दिसले. दुसरीकडे इस्रायलमध्ये व्हिक्टर लावी आणि अनालिया श्लोसर यांनी पाहिलं की वर्गात मुलींचं प्रमाण जास्त असेल त्या वर्षी मुलामुलींचे, दोघांचेही, निकाल सुधारतात. कारण वर्गात गोंधळ कमी आणि शिक्षकांशी नातं बरं. (यावरून काही मुख्याध्यापक प्रत्येक दंगेखोर मुलाशेजारी एक शांत मुलगी बसवतात. मुली म्हणजे विरजण नव्हे. त्या शिकायला आलेल्या असतात.)

थोडक्यात, मार्कांसाठी सहशिक्षण निवडा किंवा टाळा असं छातीठोकपणे सांगता येत नाही. जे सांगतात ते बहुतेक आपल्या शाळेची जाहिरात करत असतात. सहशिक्षणाचा खरा फायदा प्रगतिपुस्तकात दिसणारा नाही, म्हणूनच तो समजावून सांगायला जरा वेळ लागतो.

ओळख कशाने होते?

१९५४ साली गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न घेतला. दोन गटांतली माणसं एकमेकांच्या सहवासात आली की त्यांच्यातले गैरसमज कमी होतात का? त्याच्यासमोर प्रश्न होता गोऱ्या-काळ्यांचा. त्याचं उत्तर होतं: होतात, पण आपोआप नाही. चार गोष्टी लागतात. त्या जागेत दोघांचा दर्जा सारखा हवा. दोघांना मिळून गाठायचं काहीतरी हवं. त्यासाठी एकमेकांची मदत लागायला हवी. आणि वरच्यांचा, म्हणजे ज्यांचा शब्द चालतो त्यांचा, या मिसळण्याला पाठिंबा हवा.

आता आमचा वर्ग या चार कसोट्यांवर लावून बघा. दर्जा सारखा? मॉनिटर कायम मुलगा, मुलींची 'उपमॉनिटर'. पाहुणे आले की बाक उचलायला मुलगे, रांगोळीला आणि ओवाळायला मुली. मिळून करायचं काही? काहीच नाही. एकमेकांची मदत? मुलीची वही मागितली तर दिवसभर चिडवाचिडवी. वरच्यांचा पाठिंबा? सरांनीच तर मुलींचा बाक ही शिक्षा ठरवलेली. चारांपैकी शून्य. आम्ही एका छपराखाली होतो एवढंच. एसटीच्या स्टँडवरही माणसं एका छपराखाली असतात.

यातली 'मिळून काम' ही अट किती मोलाची आहे ते एका प्रयोगात फार सुरेख दिसलं, आणि तो प्रयोग क्रिकेटचा आहे. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत महिनाभराच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. प्रयोगात वेगवेगळ्या जातींचे १,२६१ तरुण होते; त्यांतले काही खेळले, काही तुलनेसाठी बाहेर ठेवले. कोण कुठल्या संघात जाणार हे सोडतीने ठरलं. काही संघ एकाच जातगटाचे निघाले, काही मिश्र. जे दुसऱ्या जातीच्या मुलांबरोबर एका संघात खेळले त्यांची जातीबाहेर मैत्री वाढली. जे त्यांच्या विरुद्ध खेळले त्यांच्याबाबतीत उलट परिणाम दिसला. मैदान तेच होतं, चेंडूही तोच आणि घामही तेवढाच गाळलेला. फरक फक्त इतकाच की समोरचा तुमच्या बाजूने धाव काढतोय की तुम्हाला बाद करतोय.

हे वाचलं आणि मला शनिवारची अंताक्षरी आठवली. मुलगे विरुद्ध मुली. वर्षानुवर्षं, दर आठवड्याला, आम्ही एकमेकांच्या विरुद्ध संघात खेळत होतो. सरांना वाटायचं मुलं मिसळतायत.

प्रयोग जातीचा आहे, मुलगे-मुलींचा नाही, हे खरंच. म्हणून दुसरा घेऊ, नॉर्वेच्या सैन्यातला. तिथे काही जवानांच्या तुकड्यांमध्ये मुली टाकल्या, काहींत नाही, तेही सोडतीने. आठ आठवडे एकाच खोलीत राहायचं, एकत्र कवायत, एकत्र ओझं वाहायचं. त्यानंतर मिश्र तुकडीतल्या पुरुषांमध्ये 'स्त्री-पुरुषांची मिश्र तुकडी तितकीच किंवा जास्त चांगलं काम करते' असं मानणारे दर शंभरांत सुमारे १४ ने जास्त निघाले. घरकाम दोघांनी सारखं करावं असं मानणारेही वाढले. शिबिराबद्दलचं पुरुषांचं समाधानही घसरलं नाही. पण सहा महिन्यांनी, सगळे आपापल्या वेगळ्या ठिकाणी गेल्यावर, संशोधकांनी पुन्हा विचारलं तर तो फरक विरघळून गेलेला होता.

शाळेचं महत्त्व मला या शेवटच्या वाक्यात दिसतं. आठ आठवड्यांचं शिबिर विरतं. शाळा दहा वर्षांची असते. रोज सहा तास, तेही ज्या वयात 'मुलगे असे असतात' आणि 'मुली तशा असतात' ही गणितं डोक्यात बसत असतात त्याच वयात. सहशिक्षणाचा फायदा म्हणजे ही सवय. समोरच्या मुलीला त्रिकोणमिती आपल्यापेक्षा चांगली येते, शेजारचा मुलगा स्टेजवर जायला घाबरतो, ही रडते तशी बॅडमिंटनमध्ये हरवतेही, असे हजार बारीक अनुभव. एकेकाला काही किंमत नाही. पण ते साठले की 'मुली' हा एक गठ्ठा राहत नाही, त्याची वेगवेगळी माणसं होतात. पुढे हाताखाली बाई असली किंवा वरिष्ठ म्हणून बाई आली तर गडबडून जायला होत नाही, कारण बाईकडून चूक दुरुस्त करून घ्यायची सवय चौथीतच लागलेली असते. मुलींच्या बाजूनेही तेच. मुलग्यांसमोर हात वर करून 'सर, मला समजलं नाही' म्हणणं हे कौशल्य आहे आणि ते एकदम तेविसाव्या वर्षी मुलाखतीच्या खोलीत येत नाही.

लाल शाईने काय होतं

तुम्ही म्हणाल, नावं कुठल्या शाईत लिहिली याने काय बिघडतं? मलाही हे पोरकट वाटायचं. अमेरिकेत लेसी हिलियार्ड आणि लिन लिबेन यांनी बालवाडीच्या वर्गांत एक साधा प्रयोग केला. तीन ते पाच वर्षांची मुलं. काही वर्गांतल्या बाईंना सांगितलं की दोन आठवडे 'मुलगे' आणि 'मुली' हे शब्द सारखे वापरा. मुलींची रांग इकडे, मुलग्यांची तिकडे, फळ्यावर चित्रं वेगवेगळी लावा. स्पर्धा लावायची नाही, कुणाला कमी-जास्त म्हणायचं नाही, फक्त वेगळं मोजायचं. बाकीच्या वर्गांत नेहमीसारखं. दोन आठवड्यांनी पहिल्या वर्गांतल्या मुलांचे 'हे मुलींचं काम, हे मुलग्यांचं' असे समज वाढलेले होते आणि ती दुसऱ्या गटातल्या मुलांशी कमी खेळायला लागली होती.

दोन आठवडे! आमच्याकडे सहा वर्षं लाल-निळी शाई होती.

यात आणखी एक मेख आहे. मुलं मोकळी सोडली की साधारण तिसऱ्या वर्षापासून आपणहून आपल्यासारख्यांशीच जास्त खेळतात. लगोरीचा घोळका वेगळा, सागरगोट्यांचा वेगळा. हे वयात येईपर्यंत टिकतं आणि जगात बहुतेक ठिकाणी दिसतं. त्यामुळे 'आम्ही काही बंधन घातलेलं नाही, मुलंच वेगळी बसतात' हा शाळांचा युक्तिवाद अर्धाच बरोबर आहे. मधल्या सुट्टीत बसू देत वेगळी, काही बिघडत नाही. पण तासाला, प्रयोगशाळेत, खो-खोच्या मैदानात, प्रकल्पात त्यांना एकत्र आणणं हे शाळेचंच काम आहे. ते मुलं आपणहून करणार नाहीत.

आणि यासाठी फार काही लागत नाही, ही गंमत आहे. दिल्लीच्या खासगी शाळांमध्ये गरीब घरांतल्या मुलांना प्रवेश देणं सक्तीचं झाल्यावर गौतम राव यांनी तिथे अभ्यास केला. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरावरून पाडले जात. त्यामुळे कुठल्या श्रीमंत मुलाच्या गटात गरीब मुलगा आला हे केवळ बारशाच्या दिवशी ठरलेलं. ज्यांच्या गटात असे सोबती आले त्या मुलांचं वागणं बदललेलं दिसलं: ती जास्त उदार झाली, गरीब मुलांशी कमी भेदभाव करायला लागली. म्हणजे हजेरीपट आडनावांच्या क्रमाने लावला, मुलगे-मुली सरमिसळ, आणि प्रयोगाचे गट त्याच क्रमाने पाडले, की निम्मं काम झालं. शाईचा खर्चही वाचतो.

अटी फक्त मुलींनाच का

आपल्याकडे या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो सरळ नाही. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, १८८४ मध्ये हुजूरपागा उभी राहिली, १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ. मुलग्यांच्या वर्गात मुलीला बसवायला घर तयार नव्हतं, तेव्हा वेगळी शाळा हाच शाळेत जायचा रस्ता होता. त्या काळात एकत्र शाळेचा हट्ट धरला असता तर एकही मुलगी शिकली नसती. आजही काही घरांची तीच स्थिती आहे आणि तिथे मुलींची शाळा हवीच.

पण एकत्र शिकायला गेलेल्यांचं काय झालं? कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक सी. व्ही. रामन. बाई म्हणून आधी नकार. त्या हटल्या नाहीत तेव्हा प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थी मानणार नाही आणि त्यांच्यामुळे तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. अट बघा. लक्ष विचलित होणार पुरुषांचं, जबाबदारी तिची! पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण ती अट गेली का? आजही बऱ्याच सहशिक्षणाच्या शाळांत ओढणी, वेणी, हसणं, जिन्यावर उभं राहणं यांचे नियम मुलींनाच असतात. नियम ज्याला, दोष त्याचा, हे मुलगे न सांगता शिकतात.

इथे हंसा मेहतांची आठवण काढायला हवी. त्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या आणि नंतर बडोद्याच्या विद्यापीठाच्या, जिथे मुलगे-मुली दोघेही शिकत. दोन्ही प्रकार आतून पाहिलेली बाई. मुलगे आणि मुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का, यावर त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिने १९६२ साली सांगितलं, नको. कोठारी आयोगाने ते उचलून धरलं. आता पुस्तक एकच असतं. वेगळेपणा उरला तो पुस्तकाबाहेर, रांगोळीत आणि बाक उचलण्यात.

चिडवाचिडवी, प्रेमप्रकरणं, छेडछाड यांची पालकांना वाटणारी भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मला स्वतःला मुलगी आहे. पण मुला-मुलींनी बोलायचंच नाही हा नियम केला की बोलणं थांबत नाही, ते मोबाइलवर जातं, जिथे बघणारं कुणी नसतं. आणि ज्याने आयुष्यात कधी मुलीशी गणिताबद्दल बोलणं केलेलं नाही, त्याला मुलीशी बोलायचा एकच विषय माहीत असतो. त्यावर इलाज तासालाच, उघड्यावर करावा लागतो. मुंबईत २००८ पासून महापालिकेच्या काही शाळांत सहावी-सातवीच्या वर्गांत घरकाम कोण करतं, मारामारी का होते, शरीरात काय बदल होतात यावर गटचर्चा घेणारा उपक्रम राबवला गेला. हरियाणात ३१४ सरकारी शाळा घेऊन त्यांतल्या सुमारे निम्म्या शाळांत असाच अडीच वर्षांचा प्रयोग झाला, दर तीन आठवड्यांनी एक तास. तिथे मुलामुलींचे विचार बदलले आणि उपक्रम संपून दोन वर्षं झाल्यावरही तो बदल टिकून होता. वागण्यातला फरक मुलग्यांत जास्त दिसला. साधं आहे, घरात स्वतःच्या मनाने वागायची मोकळीक त्यांनाच जास्त असते.

एक गोष्ट मात्र चर्चेने सुटत नाही. स्वच्छतागृह. अंजली अदुकिया यांच्या भारतातल्या अभ्यासात लहान मुलांसाठी कुठलंही शौचालय बांधलं तरी पटसंख्या वाढली, पण वयात आलेल्या मुलींच्या बाबतीत वेगळं शौचालय असेल तरच. खेड्यात सहशिक्षणाचा सगळ्यात मोठा फायदा हा की शाळा चालत जाण्याजोगी जवळ असते, कारण प्रत्येक गावात दोन-दोन शाळा परवडणार नाहीत. तो फायदा कडी नसलेल्या एका दारापायी वाया जातो. शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सांगितलेलीच आहेत. शाळा बघायला जाल तेव्हा संगणक कक्ष नंतर बघा, आधी मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का आणि कडी लागते का ते बघा. मग हजेरीपट मागा.

आमच्या बॅचचं सांगायचं राहिलं. संमेलनात ठरलं की वर्गणी काढून शाळेला पाण्याचा फिल्टर आणि पंखे द्यायचे. समित्या कशा करायच्या यावर घोळ सुरू झाला, तेव्हा कुणीतरी वैतागून चिठ्ठ्या टाकल्या. हिशेबाच्या समितीत मी आणि त्या शाखाधिकारी बाई. पहिले दोन आठवडे 'आपण पावती पाठवलीत का', 'कृपया रक्कम तपासावी' असं चाललं होतं. मग इलेक्ट्रिशियनने दोनदा फसवलं, फिल्टरवाल्याने तारीख पुढे ढकलली, माझ्या बेरजेत सातशे रुपयांची चूक निघाली.

परवा रात्री साडेनऊला फोन वाजला. नमस्कार नाही, काही नाही. "अरे, पावती नंबर बावीस कुठे ठेवलीस?"